सौरघट आणि ऑप्टिकल फायबरमधल्या नॅनोरचना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नॅनोरचनेने प्रकाशावर ताबा मिळवतात म्हणजे नेमकं काय करतात?

डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर असते. प्रकाश एखाद्या पदार्थात शिरला की ही लांबी त्या पदार्थाच्या अपवर्तनांकाच्या पटीत आखडते. सिलिकॉनचा अपवर्तनांक अवरक्त भागात साडेतीनच्या आसपास आहे. त्यामुळे हवेत १००० नॅनोमीटर असलेली लहर सिलिकॉनमध्ये जेमतेम २८५ नॅनोमीटरची उरते. आता पदार्थात याच मापाची भोकं, खांब, थर किंवा चऱ्या काढल्या, तर प्रकाशाला त्यांच्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. प्रत्येक कडेवरून थोडी लहर विखुरते. विखुरलेल्या लहरी एकमेकींत मिसळून काही दिशांना जोर धरतात आणि काही दिशांना एकमेकींना पुसून टाकतात. कुठे जोर धरायचा आणि कुठे पुसायचं, हे रचनेचं माप आणि तिच्यातली अंतरं ठरवतात.

रचना लहरीपेक्षा फारच लहान असेल तर ती प्रकाशाला वेगळी जाणवतच नाही, त्याला भेटतो एक सरासरी पदार्थ. मायक्रोवेव्ह ओव्हनच्या दारातली जाळी याचं चांगलं उदाहरण आहे. आतली लहर सुमारे १२ सेंटीमीटरची आणि भोकं मिलिमीटरभराची, त्यामुळे तिच्या लेखी ती जाळी म्हणजे अखंड पत्रा. दिसणारा प्रकाश मात्र त्याच भोकांतून खुशाल बाहेर येतो आणि आतलं आपल्याला दिसतं.

सौरघट आणि फायबर एकाच पानावर का? दोघांचा संबंध काय?

हेतू पाहिले तर दोघं अगदी उलट टोकांना आहेत. सौरघटात प्रकाश शोषला गेलाच पाहिजे, आणि तोपर्यंत त्याने बाहेर पडता कामा नये. फायबरमध्ये तो शेकडो किलोमीटर जाऊनही शोषला जाता कामा नये. पण दोन्हीकडे खरं काम एकच आहे: प्रकाशाला विशिष्ट जागेबाहेर पडू न देणं. म्हणून हत्यारं तीच लागतात, आणि बरेचदा माणसंही तीच. एली याब्लोनोविच यांनी १९८२ मध्ये सौरघटातल्या प्रकाश कोंडण्याची मर्यादा मांडली. त्यांनी आणि सजीव जॉन यांनी १९८७ मध्ये स्वतंत्रपणे फोटॉनिक क्रिस्टलची कल्पना मांडली, आणि पुढे तीच कल्पना फायबरमध्ये उतरली.

फोटॉनिक क्रिस्टल म्हणजे काय?

ज्यात अपवर्तनांक ठरावीक अंतराने कमीजास्त होत राहतो असा पदार्थ. अंतर लहरीच्या मापाशी जुळलं की काही तरंगलांब्यांच्या प्रकाशाला त्यातून कुठल्याच दिशेने वाट मिळत नाही. अशा पट्ट्याला बँडगॅप म्हणतात. एकाच दिशेने थर असलेली सोपी आवृत्ती लॉर्ड रॅले यांनी १८८७ मध्येच अभ्यासली होती. तिन्ही दिशांना हे जमवायला आणखी शंभर वर्षं गेली. निसर्गाला घाई नव्हती, त्यामुळे त्याने हे काम फार आधी उरकून घेतलं: मॉर्फो फुलपाखराचा निळा रंग आणि ओपल खड्यातले बदलते रंग रंगद्रव्याचे नाहीत, रचनेचे आहेत.

सौरघटात शिरलेला प्रकाश आपोआप शोषला जातोच ना? मग त्याला कोंडायचं कशासाठी?

निळा प्रकाश शोषला जातो. लाल आणि अवरक्त प्रकाशाची खात्री नाही. सिलिकॉनमध्ये ४०० नॅनोमीटरचा प्रकाश सुमारे ०.१ मायक्रॉन (१ मायक्रॉन म्हणजे १००० नॅनोमीटर) खोलीतच बहुतांशी संपतो. ८०० नॅनोमीटरला साधारण १० मायक्रॉन लागतात, १००० नॅनोमीटरला १५० मायक्रॉनच्या घरात, आणि ११०० नॅनोमीटरला काही मिलिमीटर. याचं कारण सिलिकॉनच्या इलेक्ट्रॉन रचनेत आहे. तिथे इलेक्ट्रॉनला वर उडी मारायची तर नुसती फोटॉनची ऊर्जा पुरत नाही, स्फटिकाच्या कंपनांकडूनही थोडा धक्का मिळावा लागतो. असा योग जुळून येणं दुर्मीळ, म्हणून शोषण मंद. गॅलियम आर्सेनाइडला ही अडचण नाही. त्याचा दोनतीन मायक्रॉनचा थर पुरतो.

आजची सिलिकॉनची वेफर, म्हणजे घटाची पातळ चकती, साधारण १५० मायक्रॉनच्या आसपास जाड असते. म्हणजे अवरक्त प्रकाश सरळ आत आला तर त्याचा मोठा भाग तळापर्यंत जाऊन परत वर येईल आणि निसटेल. त्याला आडवा वळवायचा, तळाशी परावर्तित करायचा, वरच्या पृष्ठभागावरून पुन्हा आत ढकलायचा, आणि शोषला जाईपर्यंत हे करत राहायचं. प्रकाश कोंडणं ते हेच.

किती वेळा आतल्या आत फिरवता येईल? काही मर्यादा आहे का?

आहे, आणि ती सुंदर आहे. पृष्ठभाग पूर्ण विस्कळीत असेल, मागे आदर्श आरसा असेल आणि पदार्थ थोडाथोडाच शोषत असेल, तर प्रकाशाचा आतला प्रवास घटाच्या जाडीच्या जास्तीत जास्त किती पट होऊ शकतो, हे याब्लोनोविच यांनी काढलं. उत्तर आलं अपवर्तनांकाच्या वर्गाची चौपट. सिलिकॉनसाठी हा आकडा पन्नासच्या जवळ जातो, म्हणजे १५० मायक्रॉनची वेफर ७ मिलिमीटरहून जाड असल्यासारखी वागते.

यामागचा तर्क ऊष्मागतिकीचा आहे. सिलिकॉनच्या आत प्रकाशाला फिरायला जितक्या दिशा उपलब्ध आहेत, त्यांतल्या फार थोड्या बाहेर सुटू देणाऱ्या अरुंद शंकूत येतात. प्रकाश सगळ्या दिशांत सारखा मिसळला गेला, की सुटकेची वाट त्याला क्वचितच सापडते.

ही मर्यादा नॅनोरचनांनी ओलांडली, असं वाचलं. खरं का?

खरं आहे, पण अटी वाचून घ्या. वरचं गणित किरणांचं आहे. थर लहरीपेक्षा पातळ झाला, की किरण ही कल्पनाच लंगडी पडते आणि मोजके लहरी-प्रकार उरतात. स्टॅनफर्डमधले झोंगफू यू, आस्वत रामन आणि शानहुई फान यांनी २०१० मध्ये दाखवलं की अशा पातळ थरात, योग्य रचना केल्यास, ती मर्यादा मागे टाकता येते. २०१३ मध्ये लुंड विद्यापीठाच्या गटाने इंडियम फॉस्फाइडच्या नॅनोतारांचा सौरघट केला. तारांनी पृष्ठभागाचा फक्त १२ टक्के भाग व्यापला होता, तरी कार्यक्षमता १३.८ टक्के मिळाली. तारा आपल्या जाडीपेक्षा कितीतरी रुंद भागातला प्रकाश स्वतःकडे ओढून घेतात.

पण मर्यादा ओलांडलेल्या घटापेक्षा न ओलांडलेला जाड घट जास्त वीज देतो, हे चित्र अजूनही बदललेलं नाही. त्याचं कारण पुढे येतं.

मग सगळे सौरघट केसाहून पातळ का झाले नाहीत?

प्रकाशाच्या बाजूने जे कमावतो ते विजेच्या बाजूने गमावतो म्हणून. नॅनोरचना म्हणजे वाढलेला पृष्ठभाग, आणि अर्धवाहकाच्या पृष्ठभागावर अर्धवट तुटलेले बंध असतात. प्रकाशाने मोकळा केलेला इलेक्ट्रॉन वीज बाहेर नेणाऱ्या तारेपर्यंत पोहोचण्याआधी अशा बंधाशी गेला, की तिथेच रिकाम्या जागेशी पुन्हा जुळतो आणि त्याची ऊर्जा उष्णतेत जाते. पृष्ठभाग दसपट केला तर या सापळ्यांची संख्याही त्याच हिशेबाने वाढते.

काळ्या सिलिकॉनची कहाणी इथे सांगण्यासारखी आहे. १९९० च्या दशकात हार्वर्डमध्ये एरिक मझूर यांच्या प्रयोगशाळेत सिलिकॉनवर अतिसूक्ष्म लेसरस्पंदांचा मारा केला, तेव्हा पृष्ठभागावर सुयांचं रान उगवलं आणि चकचकीत सिलिकॉन काळंकुट्ट झालं. परावर्तन जवळजवळ शून्य. आता सौरघटांचं भलं होणार, असं सगळ्यांना वाटलं. पण अशा पृष्ठभागाचे घट वर्षानुवर्षं साध्या घटांच्या मागेच राहिले, कारण सुयांच्या रानात इलेक्ट्रॉन हरवत होते. २०१५ मध्ये फिनलंडच्या आल्तो विद्यापीठात हेले साविन यांच्या गटाने, बार्सेलोनातल्या सहकाऱ्यांसह, काळ्या सिलिकॉनच्या घटात २२.१ टक्के कार्यक्षमता गाठली. युक्ती प्रकाशाची नव्हतीच. प्रत्येक सुईवर अणूंच्या थराथराने ॲल्युमिनाचा पातळ लेप चढवून ते तुटके बंध झाकले होते आणि विजेची सगळी जोडणी घटाच्या पाठीमागे नेली होती.

माझ्या मते या क्षेत्रातल्या कुठल्याही नव्या दाव्याला पहिला प्रश्न हाच विचारावा: परावर्तन किती कमी झालं ते कळलं, व्होल्टेजचं काय झालं?

बाजारातल्या पॅनेलमध्ये आज नॅनो काय असतं?

प्रसिद्धीपत्रकांत असतं त्यापेक्षा कमी, आणि लोकांना वाटतं त्यापेक्षा जुनं. उघडं सिलिकॉन आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकी तीस टक्क्यांहून जास्त परत पाठवतं. त्यावर सुमारे ७५ नॅनोमीटरचा सिलिकॉन नायट्राइडचा थर देतात. हे माप हवेतून आलं नाही: थराचा अपवर्तनांक २ धरला तर ६०० नॅनोमीटरच्या लहरीची त्या थरातली चतुर्थांश लांबी बरोबर ७५ भरते. वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतणाऱ्या लहरी एकमेकींना पुसून टाकतात. निळ्या टोकाला हे तितकं जुळत नाही, म्हणून घट निळसर दिसतात.

याच्या जोडीला अल्कली द्रावणात खोदलेले पिरॅमिड असतात, काही मायक्रॉन उंचीचे. त्यांत नॅनो काहीच नाही. पण प्रकाश आत घेणं आणि तिरका वळवणं ही दोन्ही कामं ते इतक्या स्वस्तात करतात की प्रयोगशाळेतल्या अनेक देखण्या रचनांना त्यांनी कारखान्याच्या दारातच रोखलं आहे. जिथे पिरॅमिड नीट जमत नाहीत, उदाहरणार्थ बहुस्फटिकी वेफरवर, तिथे धातूच्या कणांच्या मदतीने केलेलं नॅनोखोदकाम कारखान्यांनी खरोखर वापरलं.

सोन्याचांदीच्या नॅनोकणांचं काय झालं? मध्ये फार बोलबाला होता.

धातूच्या नॅनोकणातले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या तालावर एकत्र डोलतात आणि कणाच्या आकारापेक्षा मोठ्या भागातला प्रकाश विखुरतात. याला प्लाझ्मॉनिक परिणाम म्हणतात. साधारण २००८ नंतर यावर संशोधनाचा पूर आला. खोट एकच, पण मुळावर येणारी: धातू प्रकाश नुसता विखुरत नाही, काही स्वतःच खातो आणि तापतो. ती वीज गेली ती गेलीच. म्हणून बरेच संशोधक नंतर सिलिकॉन किंवा टायटॅनियम डायऑक्साइडच्या कणांकडे वळले. तेही प्रकाश जोरात विखुरतात आणि त्यांची भूक फार कमी असते.

नॅनोरचनेने ३३ टक्क्यांची मर्यादा मोडता येते का?

नाही. शॉकली आणि क्वाइसर यांनी १९६१ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार एकाच जोडाच्या, म्हणजे प्रकाश शोषणारा एकच पदार्थ असलेल्या, घटाला साध्या सूर्यप्रकाशात ३३ टक्क्यांच्या आसपास कमाल मर्यादा आहे. सिलिकॉनसाठी प्रत्यक्षातली कमाल २९.४ टक्के धरतात. ११०० नॅनोमीटरच्या पलीकडच्या प्रकाशात सूर्याच्या ऊर्जेचा जवळपास पाचवा हिस्सा असतो आणि सिलिकॉनला त्याचा उपयोग नसतो. निळ्या फोटॉनची जास्तीची ऊर्जा उष्णतेत जाते. कितीही सुंदर रचना केली तरी ही दोन कारणं जागची हलत नाहीत. सिलिकॉनच्या उत्तम घटांनी २७ टक्क्यांचा टप्पा ओलांडला आहे, म्हणजे तिथे मिळवण्यासारखं थोडंच उरलंय.

मर्यादा ओलांडायची तर दोन वेगवेगळे पदार्थ एकावर एक ठेवावे लागतात. वर पेरोव्हस्काइट (प्रकाश जोरात शोषणाऱ्या स्फटिकांचा एक वर्ग), खाली सिलिकॉन. तिथे मात्र नॅनोरचना पुन्हा कामाला येतात. उंच पिरॅमिडांवर पेरोव्हस्काइटचं द्रावण सारखं बसत नाही आणि गुळगुळीत पृष्ठभागावर परावर्तन वाढतं. बर्लिनच्या हेल्महोल्ट्झ केंद्राने २०२१ मध्ये सिलिकॉनवर हळुवार लाटांसारखी नॅनोरचना करून अशा जोडघटात २९.८ टक्के गाठले. गंमत म्हणजे प्रकाशाचा फायदा बेताचाच झाला, पण त्या लाटांवर पेरोव्हस्काइटचा थर जास्त निर्दोष बसला. पुढे अशा जोडघटांनी ३४ टक्के ओलांडले.

रचनेने पॅनेल थंड ठेवता येतं का?

काही प्रमाणात. सिलिकॉनचं पॅनेल एक अंश तापलं की त्याची वीज साधारण ०.३ ते ०.४५ टक्क्यांनी घटते. फान यांच्याच गटाने २०१५ मध्ये सिलिकॉनच्या शोषकावर सिलिकाचं, दिसणाऱ्या प्रकाशाला पारदर्शक असलेलं, भोकाभोकांचं आवरण ठेवलं. ते आपली उष्णता अवरक्त किरणांतून आकाशाकडे सोडतं, आणि खालचा शोषक १३ अंशांपर्यंत थंड राहिला. पण तुलना उघड्या सिलिकॉनशी होती. प्रत्यक्ष पॅनेलवर काच असते आणि साधी काचही उष्णता चांगलीच बाहेर टाकते, त्यामुळे प्रत्यक्षातला फायदा बराच कमी असतो.

पॅनेलवर फवारायचं "नॅनो कोटिंग" घ्यावं का? २० टक्के जास्त वीज मिळते म्हणतात.

हिशेब करून बघा. काचेच्या एका पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परततो. वरून दिलेला थर अगदी आदर्श असला तरी सरळ येणाऱ्या प्रकाशात तेवढेच ४ टक्के वाचतील. आणि बहुतेक नव्या पॅनेलच्या काचेवर कारखान्यातच सच्छिद्र सिलिकाचा असा थर दिलेला असतो. त्यातली छिद्रं लहरीपेक्षा फार लहान असतात, म्हणून प्रकाशाला काच आणि हवा यांच्या मधला सरासरी अपवर्तनांक भेटतो. २० टक्के कुठून येणार? मळलेलं पॅनेल धुतलं तर फरक पडेल, पण तो पाण्याचा.

साध्या ऑप्टिकल फायबरमध्ये नॅनोरचना असते का?

नसते. लांब पल्ल्याच्या साध्या फायबरचा गाभा ८-९ मायक्रॉनचा आणि काचेचं आवरण धरून जाडी १२५ मायक्रॉन. गाभ्याचा अपवर्तनांक किंचित जास्त, म्हणून प्रकाश पूर्ण आंतरिक परावर्तनाने आत राहतो. १९६६ मध्ये चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकम यांनी सांगितलं की काच पुरेशी शुद्ध केली तर किलोमीटरला २० डेसिबलपेक्षा कमी ऱ्हास शक्य आहे. २० डेसिबल म्हणजे शंभरातला एक भाग उरणं. १९७० मध्ये कॉर्निंगने ते करून दाखवलं, आणि काओ यांना २००९ मध्ये नोबेल मिळालं. आज साधा फायबर किलोमीटरला ०.२ डेसिबलच्या जवळ आहे. त्याहून फार खाली जाता येत नाही, कारण काच वितळून गोठताना तिच्या घनतेत राहिलेले सूक्ष्म चढउतार प्रकाश विखुरतातच. काच आणखी शुद्ध करून ते जात नाहीत.

मग फोटॉनिक क्रिस्टल फायबर वेगळा कसा?

त्याच्या लांबीभर बारीक हवेच्या नळ्या धावतात. फिलिप रसेल यांनी १९९१ मध्ये ही कल्पना मांडली आणि १९९६ मध्ये साउदम्प्टन इथे पहिला असा फायबर ओढला गेला. गाभा भरीव ठेवला तर भोवतालचं छिद्रमय आवरण सरासरीने कमी अपवर्तनांकाचं ठरतं आणि प्रकाश आत राहतो. छिद्रांची मापं बदलून एकाच काचेतून हवे तसे गुण काढता येतात. गाभा एकदोन मायक्रॉनचा केला तर प्रकाश इतका दाटतो की काचेचा प्रतिसाद सरळ रेषेत राहत नाही: एका रंगाचा लेसरस्पंद आत जातो आणि जांभळ्यापासून अवरक्तापर्यंतचा अखंड पट्टा बाहेर येतो. बेल लॅब्समध्ये २००० मध्ये हे दिसलं, आणि प्रकाशाची वारंवारता अचूक मोजणाऱ्या "कंगव्यांना" (कंगव्याच्या दातांसारख्या समान अंतरावरच्या वारंवारता असलेल्या लेसरप्रकाशाला) त्याने मोठा हात दिला. त्या कंगव्यांसाठी हॉल आणि हेन्श यांना २००५ चं नोबेल मिळालं.

गाभ्यात नुसती हवा असलेला फायबर चालतो तरी कसा?

नेहमीच्या नियमाने चालू नये. हवेचा अपवर्तनांक काचेपेक्षा कमी, त्यामुळे प्रकाश काचेत निसटायला हवा. १९९९ मध्ये इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठातल्या गटाने गाभ्याभोवती बँडगॅप असलेली जाळी रचून त्याला आत ठेवून दाखवलं. एमआयटीमध्ये योएल फिंक यांच्या गटाने वेगळी वाट धरली: आतल्या भिंतीला काच आणि बहुवारिकाचे एकाआड एक थर, म्हणजे गुंडाळलेला आरसा. त्यातून १०.६ मायक्रॉनचा कार्बन डायऑक्साइड लेसर नेता येतो. साध्या सिलिका फायबरमध्ये तो लगेच शोषला जातो. शस्त्रक्रियेत हे तंत्र वापरात आलं.

आज ज्या रचनेची चर्चा आहे ती आणखी साधी दिसते. मोठ्या नळीच्या आतल्या भिंतीला एकमेकींना न चिकटलेल्या काही पातळ नळ्या, त्यांच्या आत आणखी नळ्या, आणि मध्ये मोकळी जागा. नळ्यांच्या भिंती अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास जाड. ही जाडी अशी निवडतात की भिंतीच्या दोन्ही बाजूंवरून परतणाऱ्या लहरी जुळून प्रकाशाला मधल्या पोकळीत ढकलतात. नळ्या एकमेकींना टेकू न देणं महत्त्वाचं, कारण जिथे त्या टेकतात तिथून प्रकाश झिरपतो. फ्रान्चेस्को पोलेत्ती यांनी २०१४ मध्ये नळीत नळीचा आराखडा मांडला. २०२५ मध्ये अशा फायबरचा ऱ्हास किलोमीटरला ०.०९१ डेसिबल नोंदला गेला. १०० किलोमीटरनंतर साध्या फायबरमध्ये १ टक्का प्रकाश उरतो, इथे सुमारे १२ टक्के.

फक्त ऱ्हास कमी, एवढाच फायदा?

वेगही. काचेत प्रकाश निर्वातातल्या वेगाच्या दोनतृतीयांश वेगाने जातो, हवेत जवळपास पूर्ण. १००० किलोमीटरला काचेतून साधारण ४.९ मिलिसेकंद, पोकळ फायबरमधून ३.३. शेअर बाजार आणि डेटा सेंटर यांना हा फरक पैशात मोजता येतो. मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये लुमेनिसिटी ही साउदम्प्टन विद्यापीठातून निघालेली पोकळ फायबरची कंपनी विकत घेतली ती उगाच नाही. शिवाय प्रकाशाचा काचेशी संबंध नाममात्र असल्याने जास्त शक्तीचा लेसर पाठवला तरी काच जळत नाही.

इतकी नाजूक नक्षी किलोमीटरभर सारखी कशी राहते?

ती त्या मापात कोणी कोरत नाही. आधी हाताने धरता येतील अशा काचेच्या नळ्या रचून जाड कांडी तयार करतात, ती साधारण २००० अंश सेल्सिअसच्या भट्टीत मऊ करून ओढतात. बाहेरचं माप जितक्या पट घटतं तितक्याच पट आतली नक्षीही बारीक होते. खरा झगडा पृष्ठताणाशी असतो. मऊ काचेला प्रत्येक छिद्र मिटवायचं असतं, म्हणून प्रत्येक नळीत वायूचा दाब वेगवेगळा ठेवून ते उघडं ठेवावं लागतं. दाब थोडा जास्त झाला तर नळी फुगून शेजारणीला टेकते आणि तो तुकडा वाया जातो.

पोकळ फायबर कापला किंवा जोडला तर आत हवा, ओल जाते का?

जाते. टोक उघडं राहिलं तर बाष्प आणि इतर वायू आत शिरतात आणि ठरावीक तरंगलांब्या शोषू लागतात, म्हणून टोकं लगेच बंद करावी लागतात. साध्या फायबरशी जोडतानाही प्रश्न येतो: काच संपून हवा सुरू होते तिथे परावर्तन होतंच, आणि जोडाच्या उष्णतेने पातळ नळ्या आकसतात. त्यावर उपाय म्हणून जोडाच्या पृष्ठभागावर परावर्तन रोखणारा थर देतात. म्हणजे सौरघटावर असतो, तोच चतुर्थांश लहरीचा थर.